‘पैसे मोजले असतील तर डीआरएमचा त्रास नाही’ या मेसेजला उत्तर

ठाणे आणि नवी मुंबईतल्या गेमिंगच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. आता तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही येऊन पोचला. म्हणणं थोडक्यात असं: गेमवरचं कॉपी प्रोटेक्शन, म्हणजे डीआरएम, फक्त चोरांसाठी असतं, पैसे मोजणाऱ्याला ते जाणवतही नाही. डिस्कला ओरखडे पडतात, डिजिटल गेम मात्र कायमचा आपला. कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायची यंत्रं, तोट्यात विकतात, म्हणून कुलूप लावायचा कंपनीला हक्क आहे. कुलूप असलं की कॉम्प्युटरही सुरक्षित राहतो, नसेल तर धंदा बुडेल. आणि भारतात सगळेच फुकटे, तेव्हा आपण तक्रार कुठल्या तोंडाने करायची?

मी पायरसीच्या बाजूने बोलत नाही. गेम बनवणाऱ्यांना त्यांचे पैसे मिळालेच पाहिजेत, आणि मी ते देतो. मेसेज खटकतो तो याचमुळे. त्यात सगळ्यांचा विचार आहे, फक्त पैसे देणाऱ्याचा नाही.

पहिलं विधान घेऊ, ‘जाणवतही नाही’. मार्च २०१० मध्ये युबिसॉफ्टने ‘असॅसिन्स क्रीड २’ पीसीवर आणला, तेव्हा एकट्याने खेळायच्या त्या गेमलाही सतत इंटरनेट लागायचं. त्याच महिन्यात कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि विकत घेतलेल्या अनेकांचा गेम बंद पडला. २०२१ मध्ये ‘रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज’ची चोरीची प्रत अस्सल प्रतीपेक्षा सुरळीत चालते, हे लोकांच्या लक्षात आलं. तो बनवणाऱ्या कॅपकॉमने जुलैत पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, काढला, आणि पायरसीविरोधी तंत्रात सुधारणा केल्याचं त्यात स्वतःच नोंदवलं. त्याच वर्षी इंटेलचे बाराव्या पिढीचे प्रोसेसर आले. त्यांच्यात दोन प्रकारचे कोअर, म्हणजे काम करणारे भाग, आहेत. काही गेममधल्या डीआरएमला त्यातले छोटे कोअर म्हणजे दुसराच कॉम्प्युटर वाटला, आणि गेम चालेनात. इंटेलला अडकलेल्या गेमची यादी जाहीर करावी लागली, तीत पन्नासहून अधिक नावं होती. नवा, महागडा प्रोसेसर हौसेने घेणाऱ्याला ही शिक्षा. नोव्हेंबर २०२१ मध्ये तर डेनुव्हो या संरक्षण प्रणालीशी संबंधित एका डोमेनची मुदत संपली, नूतनीकरण राहून गेलं, आणि तेवढ्यावरून कित्येक गेम काही काळ उघडेनात. यातला एकही फटका चोरीची प्रत वापरणाऱ्याला बसला नाही. त्याच्या प्रतीतून कुलूप आधीच काढलेलं असतं.

घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना तर हे वेगळं सांगायला नको. खोदकामात केबल तुटली की आमच्या पट्ट्यातलं इंटरनेट जातं. अशाच एका रविवारी माझा भाचा गेम लावून बसला. रीतसर विकत घेतलेला, पूर्ण डाउनलोड झालेला, एकट्यानेच खेळायचा, एसएसडीवर शंभर जीबीच्या आसपास जागा अडवून बसलेला गेम. पडद्यावर एक चौकट आली: लायसन्स तपासता आलं नाही, इंटरनेट जोडा. मोबाइलला रेंज जेमतेम दोन काड्या होती. हॉटस्पॉट जोडला तर गेम झटक्यात उघडला. मग हॉटस्पॉट बंद केला, तरी तो संध्याकाळपर्यंत बिनबोभाट चालत राहिला. म्हणजे खेळायला इंटरनेट लागतच नव्हतं. लागत होती ती परवानगी, आपल्याच वस्तूला हात लावायची.

आता ‘डिजिटल कायमचं’. मेसेजमधलं हे सगळ्यात चुकीचं वाक्य आहे, आणि नवखे गेमर याच्यावरच विश्वास ठेवून पैसे टाकतात, म्हणून यावर जरा थांबतो.

युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम २०१४ मध्ये आला. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले. त्यात एकट्याने खेळायचा मोठा भाग होता, पण तोही सर्व्हरशिवाय चालत नव्हता. नंतर लोकांच्या खात्यांतून लायसन्सही काढून घेतली गेली. ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांच्या हाती फक्त प्लॅस्टिक उरलं. यातूनच युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि जुलै २०२५ मध्ये तिच्या याचिकेने दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. एवढे लोक सही करतात ते फुकट खेळायला मिळावं म्हणून नव्हे. विकलेली वस्तू कंपनीने आपणहून निकामी करू नये, एवढंच त्यांचं म्हणणं आहे.

डिस्कबद्दलही मेसेज अर्धंच सांगतो. २०००च्या दशकातल्या गेमच्या सीडी आजही ठाण्यातल्या कितीतरी घरांत माळ्यावर असतील. पुस्तिकेच्या मागच्या पानावर छापलेली सीरियल की शाबूत, चकती आरशासारखी स्वच्छ, ड्राइव्हमध्ये घातली की घरघर करून फिरते. तरी त्यातले बरेच गेम उघडत नाहीत. त्यांच्यावर सेफडिस्क किंवा सिक्युरॉम नावाचं कुलूप होतं. सेफडिस्कचा ड्रायव्हर सुरक्षेला धोका ठरला, म्हणून मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विंडोज १० मध्ये तो दिलाच नाही आणि जुन्या विंडोजमध्येही अपडेटने बंद केला. ते पाऊल योग्यच होतं. पण चकती वीस वर्षं टिकली आणि कुलूप सडलं, हे लक्षात घ्या. त्या काळातले अनेक गेम आज ‘गॉग’ या ऑनलाइन दुकानात बिनकुलपाचे मिळतात आणि नव्या विंडोजवर नीट चालतात.

ठाण्यात भाड्याने राहिलेल्या प्रत्येकाने लीव्ह अँड लायसन्सचा करार केलेला असतो. अकरा महिने, सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख, डिपॉझिट किती आणि परत कधी, सगळं कागदावर, नोंदणीसह. गेमचं लायसन्स त्याहून कच्चं आहे. शेवटची तारीख कुठे लिहिलेली नाही, डिपॉझिट परत मिळत नाही, आणि बटणावर मात्र ‘खरेदी करा’ असं लिहिलेलं. कॅलिफोर्नियाने यावर कायदा केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे विक्रेत्याला स्पष्ट सांगावं लागतं की तुम्ही वस्तू नव्हे, लायसन्स घेताय. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाने ऑक्टोबर २०२४ पासूनच पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली. ‘कायमचा आपला’ असं पुढे ढकलणाऱ्यांनी निदान ती ओळ वाचावी.

कन्सोलच्या तोट्याचा मुद्दा. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये न्यायालयात सांगितलं की एक्सबॉक्सच्या यंत्रावर त्यांनी कधीच नफा कमावलेला नाही. सोनीने मात्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगितलं की डिस्कवाला पीएस५, म्हणजे प्लेस्टेशन ५, आता तोट्यात विकला जात नाही. म्हणजे सरसकट ‘तोट्यात विकतात’ हे खरं नाही. आणि यंत्र स्वस्त देऊन गेमवर कमवायचं हा कंपनीने स्वतः निवडलेला धंदा आहे, गिऱ्हाइकावर केलेले उपकार नव्हेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये पीएस५ भारतात आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० रुपयांना होता आणि बिनडिस्कचा ३९,९९० ला. दहा हजार वाचतात म्हणून बरेच जण दुसऱ्याकडे वळले. हिशेब करून बघा. मोठ्या गेमची डिस्क तेव्हा ४,९९९ रुपयांना होती. खेळून झाल्यावर ती स्टेशनजवळच्या दुकानात किंवा वाशीतल्या कुणाला समजा निम्म्या किमतीत दिली, तर चार गेममध्ये ते दहा हजार वसूल. बिनडिस्कच्या यंत्रावर गेम विकता येत नाही, डिस्कसारखा मित्राच्या हातात देता येत नाही, आणि गेम पुरवणारं दुकान शेवटी एकच, कंपनीचं.

डिस्क विकायचा हा हक्क आपोआप टिकलेला नाही. २०१३ मध्ये एक्सबॉक्स वनला दर २४ तासांनी एकदा इंटरनेटवर हजेरी लावायची अट घातली होती आणि जुन्या डिस्कच्या व्यवहारावरही बंधनं येणार होती. ग्राहकांनी एवढा आवाज उठवला की १९ जूनला, बाजारात यायच्या आधीच, कंपनीने दोन्ही मागे घेतलं. त्या वेळी सगळे ‘आपल्याला काय त्रास’ म्हणून गप्प बसले असते, तर आज जुन्या डिस्कचं एकही दुकान उरलं नसतं.

कुलपाने कॉम्प्युटर सुरक्षित राहतो, हे दोन वाक्यांत संपवतो. चोरीच्या प्रतींतून व्हायरस येतात हे खरं आहे, त्या वापरू नका. पण २००५ मध्ये सोनी बीएमजीने संगीताच्या सीडीतून लोकांच्या विंडोजमध्ये गुपचूप लपणारं कॉपी प्रोटेक्शन घातलं, त्याच्या आडोशाने व्हायरस शिरले आणि सीडी परत मागवाव्या लागल्या. त्या सगळ्या पैसे देऊन घेतलेल्या होत्या.

‘कुलूप नसेल तर धंदा बुडेल’ या म्हणण्यात मात्र तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. २०२४ मध्ये ‘एन्टरटेनमेंट कम्प्युटिंग’ या नियतकालिकात डेनुव्होवरचा एक अभ्यास आला. गेम बाजारात येताच कुलूप फुटलं तर उत्पन्नात सरासरी सुमारे वीस टक्के घट होते, असं त्यात दिसलं. ही मोठी रक्कम आहे, त्यावर स्टुडिओतल्या लोकांचे पगार चालतात. पण त्याच अभ्यासात असंही आहे की बारा आठवड्यांनंतर कुलूप फुटलं तर नुकसान जवळपास शून्य. मग चौथ्या महिन्यापासून ते कुलूप कोणासाठी ठेवायचं? काही कंपन्या काढतात. २०१६ चा ‘डूम’ त्याच वर्षाच्या डिसेंबरात डेनुव्होमुक्त झाला, ‘रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज’ २०२३ मध्ये. बाकीच्यांनीही काढावं, आणि कधी काढणार ते विकतानाच सांगावं. मुळात कुलूप न लावताही विकता येतं. ‘द विचर ३’ २०१५ मध्ये पहिल्या दिवसापासून गॉगवर बिनकुलपाचा होता, आणि २०२३ पर्यंत सगळ्या प्लॅटफॉर्मवर मिळून त्याच्या पाच कोटींहून अधिक प्रती गेल्या.

राहिला ‘भारतात सगळेच फुकटे’ हा आरोप. याचा मला खरोखर राग येतो. ठाणे स्टेशनबाहेर कधीकाळी बर्न केलेल्या सीडी राजरोस मिळायच्या, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तेव्हा अस्सल गेम घ्यायचा तर ऑनलाइन किंमत डॉलरमध्ये होती, आणि परदेशी व्यवहाराला चालणारं कार्ड फार कमी घरांत होतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये स्टीमने रुपयांत किमती लावल्या. माझ्या ओळखीची कॉलेजची मुलं आज पॉकेटमनी साठवून सेलमध्ये गेम घेतात. त्यांना चोर म्हणणं अन्यायाचं आहे.

आपला कायदाही या मेसेजइतका एकतर्फी नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ए आलं. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण कायद्याने स्पष्ट मनाई न केलेल्या कामासाठी त्याच कलमात मोकळीक ठेवली आहे. आणि कलम ५२(१)(एए) प्रमाणे, रीतसर घेतलेला प्रोग्रॅम हरवू वा बिघडू नये म्हणून त्याची बॅकअप प्रत ठेवता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये तर वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची अट ‘अनुचित करार’ म्हणून गणली आहे. अशा कराराविरुद्धची तक्रार जिल्ह्याऐवजी राज्य ग्राहक आयोगाकडे जाते. कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

मेसेजचं शेवटचं वाक्य आहे, ‘पटत नसेल तर खेळू नका’. खेळणार, आणि पैसे देऊनच खेळणार. पैसे भरायच्या आधी स्टीमच्या पानावर उजव्या बाजूला बघा. बाहेरचं डीआरएम असेल तर तिथे पट्टी असते, डेनुव्हो असेल तर बहुधा नावासकट. तोच गेम गॉगवर आहे का तेही बघा. असेल तर तिथून घ्या, इन्स्टॉलर उतरवून पेनड्राइव्हवर किंवा जुन्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि ज्या ग्रुपवर हा मेसेज आला त्या ग्रुपवर ती लिंक टाका.