हळू बोला, गाडी झोपतेय

माझी गाडी रात्री झोपत नाही. हे वाक्य गेल्या पंधरवड्यात मी तीन जणांना सांगितलं आणि तिघांनीही गाडीकडे न बघता माझ्याकडे काळजीने बघितलं.

झालं होतं इतकंच, की तीन दिवस लागोपाठ सकाळी बॅटरी उतरलेली. चावी फिरवली की 'टक्' असा एक आवाज, की मान टाकली. घरात निकाल जागच्या जागी लागला. महिन्याभरापूर्वी मी स्वतःच्या हाताने डॅशकॅम, म्हणजे समोरचा रस्ता टिपणारा कॅमेरा, बसवला होता, तोच बॅटरी पितो! मी सांगून बघितलं की त्या कॅमेऱ्याला कट-ऑफ आहे, बॅटरी 12.2 व्होल्टच्या खाली गेली की तो आपला आपण बंद होतो. "मग गाडी का बंद होते?" असा उलटा सवाल आला. त्याचं उत्तर माझ्याकडे असतं तर मी तीन सकाळी शेजाऱ्यांच्या बॅटरीला वायरी लावत कशाला फिरलो असतो?

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने लॅपटॉप जोडला. पडद्यावर बिघाडाचे अकरा कोड आले. मला वाटलं, आता अकरा साक्षीदार माझ्या बाजूने उभे राहणार. त्याने मान वर न करता विचारलं, "बाहेरचं काही बसवलंय का?"

"डॅशकॅम आहे, पण—"

"तेच मग."

आणि अकराच्या अकरा कोड उडवून टाकले. हे मला अजून पचलेलं नाही. त्यातले बहुतेक कोड 'यू' अक्षराने सुरू होणारे होते, म्हणजे एका मॉड्यूलने (गाडीत ठिकठिकाणी बसवलेले छोटे संगणक, ती मॉड्यूल) दुसऱ्याबद्दल केलेली 'हा माझ्याशी बोलत नाही' अशी तक्रार. बॅटरी मरायला टेकली की सगळीच मॉड्यूल असा कांगावा करतात. तो कांगावा म्हणजे बिघाडाचं कारण नव्हे, हे मला कळत होतं. पण कोड कधी आला, कितीदा आला, काही कोडांच्या बाबतीत तर त्या क्षणी गाडीची अवस्था काय होती, याची नोंद आत असते. ती पुसून टाकली. खुनाच्या जागी फडकं मारायचं आणि मग म्हणायचं, पुरावा नाही हो सापडत! वर पैसे घेतले ते निराळेच.

घरी येऊन मी माझा स्वतःचा स्कॅनर काढला. स्कॅनर कसला, काडेपेटीएवढी डबी. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या खोबणीत खुपसायची आणि मोबाईलवर वाचायचं. ही खोबण अमेरिकेत 1996 पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना 2001 पासून सक्तीची झाली, ती धुरासाठी. त्यामुळे धुराबद्दल काहीही विचारा, गाडी घडाघडा बोलते. ऑक्सिजन सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, कुठल्या सिलिंडरचा ठोका चुकला, सगळं तोंडपाठ. दारं-खिडक्या-दिव्यांबद्दल विचारलं की मौनव्रत! ती माहिती प्रत्येक कंपनीच्या खासगी भाषेत असते आणि ती भाषा माझ्या डबीला येत नाही. डबी म्हणाली, 'कोणताही दोष नाही.' म्हणजे गाडी निर्दोष, मी सोडून.

(त्या खोबणीच्या सोळाव्या पिनेत बॅटरीची वीज कायम असते आणि माझी डबी गेले दोन महिने तिथेच खुपसलेली होती. तीही थोडी वीज खातच होती. ती मी गुपचूप काढून खिशात टाकली. तिच्या बाबतीत घरात कोणी काही बोललं नव्हतं, मीही बोललो नाही.)

आता झोपेचं. गाडी बंद करून आपण निघून जातो तेव्हा ती लगेच झोपत नाही. आतली मॉड्यूल एकेक करून आडवी होतात. कुणाला दोन मिनिटं लागतात, कुणाला अर्धा तास. सगळी झोपली की बॅटरीतून जेमतेम 50 मिलिअँपिअर किंवा त्याहून कमी जायला हवेत. तेवढेच जातात का, हे बघण्यासाठी बॅटरीच्या निगेटिव्ह वायरीत मल्टिमीटर गुंफायचा आणि बसून राहायचं. दार उघडायचं नाही, चावी जवळ आणायची नाही. तान्ह्या मुलाला थोपटून नुकतं खाली ठेवल्यावर आई ज्या चेहऱ्याने बसते, त्या चेहऱ्याने बसायचं. फ्यूजबॉक्सशी नंतर काम पडणार म्हणून मी चालकाचं दार उघडं ठेवून त्याच्या कडीत स्क्रू ड्रायव्हरने कुलूप पाडलं होतं, म्हणजे गाडीला दार बंद वाटतं. बॉनेटच्या कडीलाही तसंच फसवलं. स्टूल घेतलं. मीटरवर 3.4 अँपिअर. वाट बघू लागलो.

अठराव्या मिनिटाला काका आले.

काका आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. गाड्यांतलं त्यांना सगळं कळतं, म्हणजे ज्या गाड्यांना कार्ब्युरेटर होता त्यांतलं. त्यांनी काही न विचारता मागचं उजवं दार उघडलं, आत वाकून बघितलं, बंद केलं. "उघडीच आहे की रे गाडी!"

मीटर उडी मारून सातावर. अठरा मिनिटं वाया.

"काका, हात नका लावू, झोपतेय."

"कोण?"

"गाडी."

काकांनी आवाज खाली आणला. "बरं वाटत नाहीये का तुला?"

मी सगळं समजावलं. त्यांना पटलं असावं, कारण पाऊल न वाजवता ते निघून गेले. मी पुन्हा शून्यापासून. बाविसाव्या मिनिटाला पावलं वाजली. काका हातात काहीतरी नाचवत येत होते. "अरे, चावी वरच विसरलास! मी दाराशी उभा होतो, तर वहिनींनी माझ्याच हाती दिली."

ती चावी मी मुद्दाम दोन मजले लांब ठेवली होती. कारण ही चावी जवळ आली की आमची गाडी हर्षभरित होऊन दोन्ही आरसे उघडते. उघडले.

"बघ, जागीच होती," काका म्हणाले.

तिसऱ्या वेळी त्यांनी कहर केला. मी पाणी प्यायला वर गेलो, चार मिनिटं. खाली आलो तर काका चालकाच्या जागेवर बसलेले. दार उघडंच होतं, दोष कुणाला द्यायचा? "बॅटरी खरंच गेलीय का ते आधी बघावं," म्हणून त्यांनी हेडलाईट लावले. 55 वॅटचे दोन दिवे म्हणजे नऊ अँपिअर तिथेच झाले, त्यात मागचे दिवे, पाटीचा दिवा, जागी झालेली मॉड्यूल. माझ्या मीटरची कुवत दहाची. आतला फ्यूज गेला, मीटर मेला, आणि मीटरमधूनच वीज जात असल्यामुळे सगळी गाडी एका क्षणात काळीठिक्कर पडली.

"गेलीच आहे बॅटरी," काका म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं?"

त्यांच्यावर ओरडता येत नाही. माझ्या पहिल्या गाडीचं पहिलं पंक्चर त्यांनी काढून दिलंय. शिवाय काकांनाही नवं बसवायची हौस आहे, हे मी आजवर घरात सांगितलेलं नाही. इंडिकेटरचे जुने 21 वॅटचे बल्ब काढून त्यांनी एलईडी घातले. एलईडी वीज इतकी कमी घेतो, की गाडीला वाटतं बल्बच उडाला, आणि ती मालकाला कळावं म्हणून दुप्पट वेगाने टिकटिक करू लागते. काका ती टिकटिक अभिमानाने ऐकवतात. म्हणतात, "एलईडी आहे, फास्ट मारतो!" यावर बाजारात इलाजही मिळतो. एलईडीच्या जोडीला एक रेझिस्टर लावायचा, तो जुन्या बल्बाइतकी वीज नुसती जाळून हात भाजेल इतका तापतो आणि गाडीची समजूत पटते. वीज वाचवणारा दिवा बसवायचा आणि वाचलेली वीज गाडीचा गैरसमज दूर करण्यासाठी जाळायची. हे ज्याला सुचलं तो माणूस नक्की संसारी असणार.

तर मीटरचा अँपिअरचा भाग मेला, पण व्होल्टचा जिवंत होता. बॅटरीची वायर पुन्हा जोडली आणि दुसरी पद्धत धरली. प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. त्यांवर मीटरच्या दोन सुया टेकवायच्या. फ्यूजमधून वीज वाहत असेल तर एखाद-दोन मिलिव्होल्ट दिसतात, नसेल तर शून्य. फ्यूज काढावा लागत नाही. मात्र फ्यूजबॉक्स बसवणाऱ्या इंजिनिअरला पाठीचा कणा नसावा. डोकं पेडलांपाशी, पाठ उंबऱ्यावर, पाय बाहेर, अशा अवस्थेत मी एकेक फ्यूज मोजत होतो आणि काका माझ्या पायांशी बोलत होते.

"कॅमेरा काढून टाक की."

डॅशकॅमच्या फ्यूजवर सुया टेकवल्या. त्याचा कट-ऑफ कधीच पडला होता. शून्य. मिलिव्होल्टचा अंशसुद्धा नाही. निर्दोष! हे मी मोठ्याने ओरडलो, पण पायांतून आवाज जात नाही.

सातव्या फ्यूजवर काटा हलला. मीटर डिजिटल होता, पण माझं काळीज जुन्या वळणाचं आहे, काटाच हलला. दारांच्या लॉकचा फ्यूज. इग्निशन चालू केलं. समोरच्या पडद्यावर गाडीचं ते छोटं चित्र आलं, आणि त्यात मागचं डावं दार कान टवकारल्यासारखं उघडं. प्रत्यक्षात बंद. हे चित्र मी त्या आठवड्यात दहादा तरी बघितलं असेल, पण बघताना चालकाचं दार मीच उघडलेलं असायचं. चित्रात कान दिसायचे दोन, आणि मी एकच मोजायचो.

"दाराच्या कडीतलं बटण बिघडलंय," मी पेडलांमधून जाहीर केलं.

"एवढ्याशा बटणाने आख्खी बॅटरी उतरते?"

प्रश्न रास्त होता. पूर्वी दाराच्या चौकटीत एक खुंटी असायची. दाराने दाबली की दिवा बंद, एक वायर, एक खुंटी, एक दिवा, भांडणाला जागाच नाही. आता कडीतलं बटण मॉड्यूलला सांगतं, आणि ते मॉड्यूल पीळ दिलेल्या दोन तारांवरून साऱ्या गाडीला. बॉशने ही पद्धत 1986 मध्ये जगापुढे आणली. सगळे त्याच दोन तारांवर बोलतात. दोघांनी एकदम तोंड उघडलं तर ज्याचा क्रमांक लहान तो बोलतो, दुसरा निमूट थांबतो आणि नंतर पुन्हा प्रयत्न करतो. आमच्या घरात हे तंत्र अजून आलेलं नाही. 'दार उघडं आहे' असं एकाने म्हटलं की कुणीतरी उतरतंय या समजुतीने बाकीचे जागे राहतात. 3.4 अँपिअर, दहा तास, म्हणजे चौतीस अँपिअर-तास. आमची बॅटरी पंचेचाळीसची, तीही चार वर्षं वापरलेली. आतला दिवा लागला असता तर कधीच लक्षात आलं असतं, पण मुलांनी सारखा चालू-बंद करू नये म्हणून त्याचं बटण मीच कायमचं 'ऑफ'वर ठेवलंय.

हे सगळं मी सांगितलं. पायांकडून काही उत्तर आलं नाही. मग धाड्‌कन आवाज झाला आणि माझं डोकं ब्रेकच्या पेडलवर आपटलं. काकांनी मागचं डावं दार उघडून आपटलं होतं. पडद्यावरचा कान खाली.

"झालं," काका म्हणाले आणि हात झटकत वर गेले.

घरी ही बातमी माझ्याआधी पोचली होती. "काकांनी एका दणक्यात केलं म्हणे." सात फ्यूज, दोन तास, एक मीटर, एक टेंगूळ, यातलं काहीच पोचलं नव्हतं. आणि डॅशकॅम निर्दोष आहे, असंही कुणी म्हणालं नाही.

पण ते बटण बिघडलंय ते बिघडलंच आहे. नखाएवढं असतं ते. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर म्हणे, नुसतं बटण येत नाही, लॉकच्या मोटरसकट आख्खी कडी घ्यावी लागेल. मी विचारलं, तुमच्या लॅपटॉपवर चारही दारांची अवस्था थेट दिसते ना? म्हणे, दिसते. मग त्या दिवशी का नाही बघितली? पलीकडे थोडी शांतता, आणि मग तोच शांत आवाज: "सर, तुम्ही बाहेरचं बसवलंय, त्यामुळे आम्ही तसं काही सांगू शकत नाही." फोन ठेवून मी काही वेळ भिंतीकडे बघत बसलो. गाडीला ठाऊक होतं, लॅपटॉपला ठाऊक होतं. मला मात्र उलटं लटकून शोधावं लागलं.

कडी मागवली आहे. येईल तेव्हा येईल. तोवर आतल्या दिव्याचं बटण 'दार'वर ठेवलंय, म्हणजे गाडी जागी असली की वरून दिसतं. काल रात्री पावणेदोनला खिडकीतून बघितलं तर खाली पिवळा उजेड. सपाता घालून उतरलो, मागचं डावं दार उघडलं, इमारत उठू नये म्हणून बेताने आपटलं. उजेड तसाच. इतक्यात वर एक खिडकी उघडली.

"जोर कमी पडला," काका म्हणाले.