गार्सिनिया, आमसूल आणि तुमचे सहा किलो

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. वजन उतरवणाऱ्या वनस्पतीजन्य कॅप्सूलना मी सरसकट 'फसवणूक' म्हटलं, हा आयुर्वेदाचा अपमान आहे, आणि गार्सिनिया या फळाच्या अर्काच्या कॅप्सूलने तुमचं स्वतःचं वजन तीन महिन्यांत सहा किलो उतरलं, मग याहून वेगळा पुरावा कशाला हवा, असा तुमचा सवाल आहे.

सहा किलो उतरले यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण त्याच तीन महिन्यांत शेजारणीबरोबर रोज पहाटे गोदा पार्कला चालायला जात होतात आणि रात्रीचा भात बंद केला होता, हेही तुम्हीच लिहिलंय. मग श्रेय एकट्या कॅप्सूलला कसं द्यायचं?

याच प्रश्नाचं उत्तर शोधणारी एक चाचणी १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. १३५ स्थूल माणसं, १२ आठवडे. सगळ्यांना कमी उष्मांकाचा, भरपूर चोथ्याचा आहार. काहींना गार्सिनियातलं हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल रोज १५०० मिलिग्रॅम, बाकीच्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कुणाच्या वाट्याला काय आलंय हे ना त्यांना माहीत, ना तपासणाऱ्यांना. गार्सिनियावाल्यांचं वजन सरासरी ३.२ किलो उतरलं, नुसत्या गोळीवाल्यांचं ४.१. हा फरक योगायोगात बसणारा होता, म्हणजे गार्सिनियाने वजन वाढवलं असं नाही. पण जे उतरलं ते आहाराने.

आयुर्वेदाचं म्हणाल, तर हा दावा मुळात तिथून आलेलाच नाही. गार्सिनियाचं फळ म्हणजे केरळात माशाच्या कालवणात घालतात ती कुडमपुळी, आपल्या आमसुलाच्याच कुळातली. शरीरात चरबी तयार व्हायला लागणारं एक एन्झाइम त्यातलं आम्ल अडवतं, असं प्रयोगशाळेत आणि उंदरांवर दिसलं. कॅप्सूलचा धंदा त्यावर उभा राहिला.

एक चूक मात्र कबूल. २०२० मध्ये वजन उतरवणाऱ्या वनस्पतीजन्य औषधांच्या ५४ चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात पांढऱ्या राजम्याच्या अर्काने थोडा फरक पडलेला दिसतो, तब्येतीला जाणवावा इतका नसला तरी. म्हणून 'फसवणूक' हा शब्द मी लेखातून काढलाय.

पण तुमचं 'झाडपाल्याने अपाय होत नाही' हे वाक्य मला सोडवत नाही. सोलकढी खुशाल प्या. कॅप्सूलमधला घट्ट केलेला अर्क ही वेगळी गोष्ट आहे. गार्सिनिया असलेल्या कॅप्सूल घेणाऱ्यांमध्ये यकृताला इजा झाल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत, काहींवर यकृत बदलायची वेळ आली. ग्रीन टीच्या अर्काचंही तेच: त्यातला ईजीसीजी हा घटक पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त गेला तर रक्तात यकृताची एन्झाइम वाढू शकतात, म्हणजे यकृताला त्रास होत असल्याची खूण दिसू शकते, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं.

गेल्या आठवड्यात कॉलेज रोडवरच्या एका मेडिकलमध्ये मी अशी डबी हातात घेऊन पाहिली. पुढे कमरेभोवती टेप गुंडाळलेला फोटो. मागे बारीक अक्षरांत 'औषधी वापरासाठी नाही'. अर्क किती ते छापलेलं होतं, त्यात आम्ल किती ते नव्हतं.

तुम्हाला मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. तेव्हा कॅप्सूल आजच थांबवा आणि डॉक्टरांकडे जाताना डबी सोबत न्या. लघवी गडद होणं, डोळे पिवळसर दिसणं, अंगाला खाज, जेवणावरची वासना जाणं, यातलं काहीही वाटलं तर लगेच दाखवा.

आणि एक विचारायचं राहिलं. तुमची शेजारीण त्याच वाटेने, तितकंच चालली, रात्रीचा भात तिनेही सोडला होता, कॅप्सूल मात्र घेत नव्हती, असं तुम्ही लिहिलंय. तिचं किती उतरलं?