ग्रेस मार्क देऊन भागणार नाही, डॉक्टर

डॉक्टर, नमस्कार.

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) ओळखणाऱ्या एआयवरची तुमची प्रतिक्रिया झणझणीत आहे, आवडली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: डिमेन्शिया ओळखायला एआय आणलं, तर गोऱ्या, शिकलेल्या लोकांच्या माहितीवर पोसलेलं ते यंत्र आपल्या निरक्षर आज्यांना सरसकट आजारी ठरवणार. त्यापेक्षा निरक्षरांना चाचणीत पाच गुण वाढवून द्यावेत, विषय संपला.

भीती रास्त आहे. पण आज्यांना नापास करायला यंत्र कशाला हवं? १९७५ पासून चालत आलेली तीस गुणांची एमएमएसई, म्हणजे स्मरणशक्ती आणि आकलन तपासणारी छोटी चाचणी, ते काम कागदावरच करते. शंभरातून सात-सात वजा करा, एक वाक्य लिहा, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढा. जिने उभ्या जन्मात पेन्सिल धरली नाही, तिचे गुण तिथेच जातात. मग बाजारहाटाचा हिशोब ती बिनचूक ठेवत का असेना. हरियाणात बल्लभगढच्या खेड्यांसाठी केलेल्या हिंदी चाचणीत वाक्य लिहायला न लावता 'घराबद्दल एक वाक्य सांगा' असं विचारलं. म्हणजे प्रश्नच बदलला, गुण वाढवले नाहीत.

गुण वाढवले की काय होतं, ते अमेरिकेत दिसलं. एनएफएल या तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या माजी खेळाडूंना डोक्याच्या मारामुळे झालेल्या आजारांची भरपाई मिळायची होती. कृष्णवर्णीयांची बुद्धी मुळातच कमी धरणारा, म्हणजे जणू त्यांना गुण वाढवून देणारा, तक्ता तिथे वापरात होता. त्यामुळे तेवढ्याच गुणांवर गोरा खेळाडू आजारी ठरे आणि काळा 'ठीक'. केविन हेन्री आणि नाजे डेव्हनपोर्ट २०२० मध्ये कोर्टात गेले, तेव्हा कुठे ते थांबलं. तुमच्या पाच गुणांनीही एखादी खरंच आजारी आजी 'वयोमानाने होतं असं' म्हणून घरी परत जाईल.

आता यंत्र. ज्येष्ठांमधल्या डिमेन्शियाची भारतात जी लासी-डॅड नावाची पाहणी झाली, तिच्यात डॉक्टरांनी अडीच हजारांवर ज्येष्ठांबद्दल एकमताने निदान केलं. त्यात चाचणी होती, तसं घरच्या माणसाचं सांगणंही होतं. त्या निदानांवर शिकवलेल्या एआयने साठीपुढच्यांत ८.४४ टक्के, म्हणजे कोटीभर लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये दिला. प्रमाण बायका, निरक्षर आणि खेड्यातल्या लोकांत जास्त. हा सगळा आजारच की थोडी पेन्सिलीची भीतीही? माझ्या मते दोन्ही मिसळलेलं आहे. म्हणूनच निरक्षर बायकांत आजारी असून किती जणी सुटल्या, आजार नसताना किती उगाच अडकल्या, हे वेगळं मोजायलाच हवं. यंत्राच्या बाबतीत ते मोजता येतं. 'म्हातारचळ आहे' म्हणून मोकळ्या होणाऱ्या डॉक्टरच्या चुका (तुम्ही नव्हे!) कुठल्या वहीत सापडणार?

आपली खरी अडचण वेगळीच आहे. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) डिमेन्शिया तपासायची चाचणी पहिल्यांदा पाच भारतीय भाषांत आली: हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम. मराठी नाही. मग मराठी आज्या यंत्राला कळणार कुठून? तुमच्या ओपीडीत सूनबाई जे सांगते, 'हल्ली त्या दोनदा मीठ घालतात, सुट्टे पैसे मोजता येत नाहीत', ते केसपेपरवर लिहून ठेवता का? नसाल, तर या आठवड्यापासून लिहा.