आरएनएमुक्त तांदूळ हवा असेल तर खडे शिजवा

गेल्या आठवड्यात मावशीला फोन केला तर म्हणाली, "भात बंद केलाय. आणि ती कोलेस्टेरॉलची गोळीसुद्धा." सगळा जन्म वेंगुर्ल्यात गेलेली ही बाई, सकाळी उकड्या तांदळाची पेज पोटात गेल्याशिवाय कुणाशी धड बोलत नाही. कारण विचारलं तर उत्तरादाखल व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज आला.

तुम्हालाही आला असेल. हायब्रिड तांदळात 'नॉन-कोडिंग आरएनए' नावाचा कचरा असतो म्हणे. तो भातातून रक्तात शिरून आपली जनुकं बदलतो, देशी तांदूळ मात्र आरएनएमुक्त असतो, आणि भात सोडला की कोलेस्टेरॉल आपोआप उतरतं, गोळ्या हव्यात कशाला? खाली 'चीनच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं' आणि जोडलेले हात.

आधी तो आरएनएमुक्त तांदूळ घेऊ, कारण इतकं धडधडीत अज्ञान बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं. आरएनए म्हणजे डीएनएवरून उतरवलेली, रासायनिक अक्षरांची साखळी. पेशी आली की आरएनए आलाच. पेशीत प्रथिनं तयार होतात ती रायबोसोमवर, आणि रायबोसोमचा गाभाच आरएनएचा असतो. हा आरएनए कुठल्याही प्रथिनाची कृती सांगत नाही, म्हणजे तोही नॉन-कोडिंगच. तो हायब्रिड तांदळात आहे तसा आजीच्या वेळच्या वालय या देशी तांदळातही आहे, तुळशीच्या पानात आहे आणि हा मेसेज टाइप करणाऱ्याच्या अंगठ्यातही आहे.

आणि कचरा? भाताच्या रोपात एमआयआर१५६ नावाचा जेमतेम वीस-एकवीस अक्षरांचा आरएनए असतो. एसपीएल१४ नावाच्या जनुकाला तो दाबून ठेवतो. २०१० साली 'नेचर जेनेटिक्स'मध्ये चिनी संशोधकांनी दाखवलं की हा आरएनए जिथे चिकटतो तिथलं एकच अक्षर बदललं तर त्याची पकड सुटते. मग रोपाला फुटवे कमी येतात, ताटं जाड होतात, भात सहजासहजी आडवा पडत नाही आणि लोंबीत दाणे जास्त भरतात. रोपाला फुटवे किती यावेत हे ठरवण्यात ज्याचा हात आहे त्याला कचरा म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

आता तो चिनी शोध. इथे मला थोडं नमतं घ्यावं लागतंय. शोधनिबंध खरा आहे. नानजिंग विद्यापीठातल्या चेन-यू झांग यांच्या गटाने २०११ मध्ये 'सेल रिसर्च'मध्ये म्हटलं होतं की भातातला एमआयआर१६८ए हा असाच छोटा आरएनए माणसाच्या रक्तात सापडतो, आणि उंदरांच्या यकृतातलं एक प्रथिन कमी करून एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, वाढवतो. शिजवल्यावरही तो बराच टिकतो, असंही. पण जनुकं बदलतात असं त्यांनीसुद्धा म्हटलेलं नाही. प्रथिन कमी होणं वेगळं, जनुक बदलणं वेगळं. हायब्रिडचा तर इथे काही संबंधच नाही. हाच आरएनए मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिसमध्येही असतो.

मेसेजवाल्याने गाळलेला भाग पुढचा आहे. २०१३ मध्ये 'नेचर बायोटेक्नॉलॉजी'त दुसऱ्या गटाने उंदरांना भात घालून हेच पुन्हा तपासलं. रक्तात आणि यकृतात त्या आरएनएचं प्रमाण नगण्य निघालं. एलडीएल वाढलेलं दिसलं, पण त्याचं कारण त्यांनी असमतोल खाणं हे दिलं. त्या बिचाऱ्या उंदरांना भाताबरोबर बांगड्याचं तिखलं कोण देणार? "त्या गटात मॉन्सँटो या बियाणं कंपनीची माणसं होती," असं मावसभाऊ लगेच म्हणाला. होती, खरं आहे. पण त्याच वर्षी आणखी एका गटाने फळं खाल्लेल्या खेळाडूंचं रक्त तपासलं, तर त्यातही वनस्पतींचे हे आरएनए मोजण्याइतके सापडले नाहीत.

भात कमी केल्याने कुणाची साखर आटोक्यात येत असेल, तर येवो. त्यात आरएनएचा काही वाटा नाही.

माझा खरा राग गोळीवरून आहे. मावशीची अँजिओप्लास्टी झालेली आहे. तिची स्टॅटिनची गोळी यकृतातलं कोलेस्टेरॉल तयार करणारं एक एंझाइम अडवते, मग यकृत रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं. गोळी थांबली की काही आठवड्यांत आकडा परत चढतो, ताटात भात असो की भाकरी. डॉक्टरांना न विचारता ती बंद करायला सांगणारा माणूस 'जनहितार्थ' कसा काय लिहू शकतो?

गोळी तिने त्याच रात्री घेतली, फोन चालू ठेवून माझ्यासमक्षच. पेजेचं अजून ठरत नाही, "बघू" म्हणते. मेसेज तिने पुढे अकरा जणांना पाठवला होता. त्यातल्या चौघांशी मी बोललो, एकाने मलाच तो परत पाठवला.