कपाटामागचं वायफाय

गोदेला पूर आला की नाशिककर फूट-मीटर विचारत नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं का छातीला, एवढं कळलं की पुरे. आमच्या सिडकोतल्या घरी वायफायचंही तसंच आहे. हॉलमध्ये पूर, स्वयंपाकघरात गुडघाभर आणि आईच्या खोलीत कोरडंठाक पात्र.

"अरे, महाराज तोंड उघडून बसलेत!" आतून आईची हाक. म्हणजे यूट्यूबवरचं कीर्तन अडकलं. मी राउटर बंद करतो, दहा आकडे मोजतो, चालू करतो. तेवढ्यात लेकीचा ऑनलाइन क्लास तुटतो, ती किंचाळते. महाराज तोंड मिटतात आणि पाच मिनिटांत पुन्हा उघडतात.

राउटर २०१६ चा. दोन अँटेना, त्यातल्या एकीने मान टाकलेली. ती बायकोच्या केसांच्या रबराने उभी आहे. नेटवाला पोरगा येऊन म्हणाला, "काका, हा सिंगल बँड आहे, नुसत्या २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. बदलून टाका." तो गेला, माझी झोप उडाली.

तीन आठवडे रात्री व्हिडिओ पाहिले. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल सावकाश, पण भिंती पार करतो. ५ गिगाहर्ट्झचा सुसाट, पण भिंत दिसली की दम लागतो. (पहिला आमचे वडील, दुसरा मी.) २.४ मध्ये एकमेकांच्या पायात न येणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. फोनवर ॲप टाकून पाहिलं, तर अख्खी गल्ली ६ वर, रविवारी सकाळी मिसळीच्या दुकानासमोर उभी असल्यासारखी.

एम. जी. रोडवर दुकानदाराने सरळ वायफाय ६ चा, म्हणजे सहाव्या पिढीच्या राउटरचा, खोका पुढे केला. "साडेतीन हजार. ७ पण आलंय, साहेब. प्लॅन कितीचा आहे?"

"१०० एमबीपीएस."

"मग ७ राहू द्या. नळाला अर्धा इंच पाणी, दहा हजार लिटरची टाकी काय करायची?"

माल न विकण्याची ही तऱ्हा मला इतकी आवडली की तिथेच घेणार होतो. पण घरी फोन लावला. बायको म्हणाली, "अहो, दिवाळीपासून मिक्सर खरखरतोय. त्याचा असा अभ्यास कधी करणार?"

परवा फोन हातात धरून हॉलपासून आईच्या खोलीपर्यंत चालत गेलो. हॉलच्या भिंतीपाशी सिग्नलचा आकडा उणे ५२ (उण्यापुढचा आकडा जितका मोठा, तितका सिग्नल कमजोर). भिंतीपलीकडे उणे ८१. आणि भिंतीला टेकून, राउटरकडे पाठ करून उभं सहा फुटी लोखंडी कपाट, वर दाराला आरसा. १९९८ साली सासरेबुवांनी लग्नात दिलेलं. रंगकामाच्या वेळी एकदाच हललं, तेव्हा चार माणसं लागली आणि एक फरशी गेली.

"मग राउटरच हलवा ना, बाबा," लेक म्हणाली. कसा हलवणार? नेटवाल्याने खिडकीतून वायर आत घेतली ती मोजून तीन फूट.

रात्री जेवताना मी जाहीर केलं, "राउटर नको. कपाट हलवू."

बायकोने भाकरी ताटात ठेवली. "बाबांनी दिलेलं कपाट आहे तिथेच राहील. तो सहा नंबरवाला केवढ्याला म्हणालात?"

मी आमटी वाढून घेतली. ५ गिगाहर्ट्झला कपाट अजिबात झेपत नाही, हे सांगायची ती वेळ नव्हती.