कृष्णा उशाला आहे, म्हणून काय?

"कृष्णा उशाला असताना सांगलीला पाण्याच्या एकत्रित नियोजनाची गरजच काय? वाहती नदी घाण आपोआप धुऊन नेते. काठाला भिंत घाला, नाले सिमेंटचे करा, पूर संपला. सांडपाणी गावाबाहेर सोडा." अशा आशयाचा मजकूर पावसाळ्याच्या तोंडावर ग्रुपांमधून फिरतो आणि चांगली शिकलेली माणसंही तो पुढे ढकलतात. म्हणून हे उत्तर.

उन्हाळ्यात आपल्यासमोर दिसते ती बंधाऱ्याने अडवलेली कृष्णा. तिच्यातलं पाणी मुख्यतः कोयनेतून सोडलेलं असतं. कोयना धरणाची साठवण 105.25 टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातलं 67.5 टीएमसीपर्यंत पाणी विजेसाठी पश्चिमेला कोकणात उतरतं. उरलेल्यावर टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना, काठची शेती आणि गावोगावच्या नळयोजना. कोयनेतून पाणी सोडायला उशीर झाला की पात्रातले खडक उघडे पडतात.

वाहती नदी घाण पचवते, पण त्याला अट आहे. जिवाणू घाण खातात तेव्हा पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. तो भरून यायला प्रवाह लागतो आणि घाणीच्या मानाने पाणी भरपूर लागतं. बंधाऱ्यामागे तुंबलेल्या पाण्यात सांगलीचं सांडपाणी आणणारा शेरीनाला मिसळला तर दोन्ही गोष्टी नसतात. ऑक्सिजन संपतो, मासे तरंगतात. आणि ही घाण जाते कुठे? हरिपूरला वारणा मिळते, त्यापुढे मिरजेचा कृष्णाघाट, जिथून मिरजेसाठी पाणी उचललं जातं. सांगली, मिरज, कुपवाड यांची 1998 पासून एकच महापालिका आहे. म्हणजे आपण सोडलेलं आपल्याच शहराच्या उपशापर्यंत जातं. 2016 साली लातूरला रेल्वेने पाणी गेलं तेही याच मिरजेतून. खालच्या गावांनी काय प्यायचं, हा प्रश्न त्या मजकुरात कुणालाच पडलेला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता भिंत. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. पण सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोड अशा सखल वस्त्यांत पाणी शिरतं ते काठ ओलांडण्याच्या आधीच, नाल्यांतून उलटं. भिंतीत नाल्याला तोंड ठेवलं तर नदी आत येते. तोंड बंद केलं तर शहरावर पडलेला पाऊस आत कोंडतो. मग झडपा हव्यात, पुरातही चालू राहतील असे पंप हवेत आणि पंप पोचेपर्यंत पाणी थांबायला जागा हवी. ही जागा आपल्याकडे होती: ओत (पावसाचं पाणी वाहून जाण्याच्या नैसर्गिक सखल वाटा), खणी (खणून झालेले मोठे खड्डे), पडीक सखल रानं. त्यांच्यावर भराव टाकून प्लॉट पाडले. शामरावनगर तर नदीला पूर नसतानाही साध्या पावसात तुंबतं. तिथली काळी माती फुगली की पाणी मुरत नाही, त्यामुळे घरोघर शोषखड्डे हा सल्लाही तिथे चालणार नाही. तिथे पाणी वरच थांबवावं लागेल, उघड्या ओतात, शहरातल्या काळ्या खणीसारख्या साठ्यात. सिमेंटचा नाला ते फक्त लवकर पुढच्या वस्तीत नेऊन टाकतो.

सांडपाण्याबद्दल थोडक्यात. घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण 80 टक्के गटारात जातं. हा बारमाही साठा आहे. शेरीनाल्याचं पाणी उचलून धुळगावच्या शेतीला देण्याची योजना त्याच विचाराची. ती नीट चालली तर नदी वाचते आणि शेताला पाणी मिळतं. पंप बंद पडला की सगळं पुन्हा कृष्णेत. मात्र शुद्ध न करता रानात सोडणं मला मान्य नाही, क्षार साचून नापीक झालेल्या, म्हणजे क्षारपड, जमिनीचं दुखणं या जिल्ह्याने पाहिलेलं आहे.

महापालिकेने आधी एक तक्ता दर महिन्याला लावावा: नदीतून किती उचललं, नळांना किती पोचलं, गळती किती, किती सांडपाणी शुद्ध झालं, किती तसंच नदीत गेलं. आणि पाणीपुरवठा, ड्रेनेज, नगररचना या तिन्ही खात्यांच्या सह्या त्या एकाच कागदावर असाव्यात. तेव्हा नवा लेआउट मंजूर करताना ओत कुठून जातो, हे कुणाला तरी विचारावंच लागेल.