डार्विनला चोची पाहून साक्षात्कार झाला नव्हता

फेब्रुवारी आला की नागपुरातल्या शिक्षकांच्या आणि पक्षीनिरीक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर हमखास फिरतो. १२ तारखेला डार्विनचा जन्मदिवस, २८ ला विज्ञान दिन, म्हणून भाषणांतही तोच वापरला जातो. मजकूर असा : डार्विन पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांवर उतरला, फिंच या चिमणीएवढ्या पक्ष्यांच्या चोची पाहताच त्याला उत्क्रांतीचा सिद्धांत सुचला, चर्चच्या भीतीने तो वीस वर्षे गप्प बसला आणि मरताना त्याने सगळे मागे घेतले. लिहिणाऱ्याला डार्विनचे मनापासून वेड आहे, हे ओळीओळीत जाणवते. पण त्याचे काम त्यात कुठेच नाही.

शेवटचा दावा आधी. डार्विन १९ एप्रिल १८८२ रोजी वारला. त्याने मत बदलल्याची गोष्ट लेडी होप या बाईंच्या नावाने १९१५ साली अमेरिकेत छापली गेली. डार्विनची मुलगी हेन्रिएटा हिने १९२२ मध्ये जाहीर लिहिले की अखेरच्या वेळी ती स्वतः वडिलांजवळ होती, लेडी होप तिथे नव्हत्या. हा विषय इथेच मिटतो.

आता चोची. डार्विन ज्यावर होता ते ‘बीगल’ जहाज गॅलापागोसमध्ये १५ सप्टेंबर ते २० ऑक्टोबर १८३५ एवढेच दिवस होते आणि डार्विन चार बेटांवर उतरला. तिथे टिपलेले फिंच एकाच गटातले आहेत, हे त्याच्या ध्यानात आले नाही. एकाला तर तो रेन, म्हणजे वेगळ्याच गटातला छोटा पक्षी समजला. मोठी चूक लेबलांची झाली. फिंचांच्या बहुतेक नमुन्यांवर कोणत्या बेटावरचा पक्षी, हे त्याने लिहिलेच नाही. चोच मोजता येते, पण बेट माहीत नसेल तर त्या मापावरून बेटाबेटांतला फरक सांगता येत नाही. मॉकिंगबर्ड या दुसऱ्या पक्ष्याच्या बाबतीत मात्र बेटागणिक फरक त्याला तिथेच दिसला होता आणि ती नोंद त्याने नीट ठेवली.

जानेवारी १८३७ मध्ये लंडनला जॉन गूल्ड या पक्षीतज्ज्ञाने नमुने तपासले आणि हे सगळे जवळचे नातलग असल्याचे सांगितले. मग डार्विनने कप्तान फिट्झरॉय आणि जहाजावरच्या इतरांचे लेबल लावलेले नमुने मागवून आपली पोकळी भरायचा प्रयत्न केला. मॉकिंगबर्डच्या तीन वेगळ्या जाती आहेत, हेही गूल्डनेच ठरवले. जाती बदलतात या विचाराची वही डार्विनने उघडली ती जुलै १८३७ मध्ये. नैसर्गिक निवडीची, म्हणजे परिस्थितीला जुळणारे जीव तगतात आणि त्यांचे गुण पुढच्या पिढीत जातात ही, कल्पना आली सप्टेंबर १८३८ मध्ये, अर्थतज्ज्ञ माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध वाचताना. १८५९ च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या त्याच्या ग्रंथात गॅलापागोसचे पक्षी आहेत, पण फिंचांच्या चोचींचा दाखला नाही. चोचींचे बारकाईने मोजमाप पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञ जोडप्याने १९७३ पासून गॅलापागोसमधल्या डॅफ्नी मेजर बेटावर केले.

म्हणून नागपूरच्या गोरेवाडा किंवा अंबाझरी तलावावर पक्षी पाहायला जाणाऱ्या पोरांना ‘निरखून पाहा, सुचेल’ असे सांगू नका. तारीख, वेळ, तलावाचा कोणता काठ, किती पक्षी, काय करत होते, हे जागेवरच लिहायला लावा. घरी येऊन आठवणीने भरलेली वही फसवते.

वीस वर्षे गप्प? लोक काय म्हणतील याची धास्ती त्याला होती, पण हातावर हात ठेवून तो बसला नव्हता. १८४४ मध्ये त्याने आपल्या सिद्धांतावर मोठा निबंध लिहिला आणि आपण मेलो तर तो छापण्यासाठी ४०० पौंड खर्च करावेत, असे पत्र पत्नीसाठी लिहून ठेवले. १८४६ ते १८५४ ही वर्षे बार्नॅकलांच्या, म्हणजे खडकांना आणि जहाजांना चिकटून राहणाऱ्या कवचधारी समुद्रजीवांच्या, अभ्यासात गेली. त्यानंतर कबुतरे पाळली. बिया समुद्र ओलांडून तग धरतात का, हे पाहायला ८७ प्रकारच्या बिया खाऱ्या पाण्यात ठेवल्या; २८ दिवसांनंतरही त्यातल्या ६४ प्रकारच्या बिया रुजल्या.

त्याचा तळ्याच्या चिखलाचा प्रयोग तर आपल्याकडेही करता येतो. डार्विनने एका लहान तळ्याच्या काठाला, पाण्याखालून, तीन ठिकाणचा मिळून तीन मोठे चमचे चिखल घेतला. वाळल्यावर तो पावणेसात औंस, म्हणजे सुमारे १९० ग्रॅम भरला. सहा महिने झाकून ठेवला, उगवेल ते रोप मोजून उपटले. एकूण ५३७ रोपे निघाली. पाणपक्ष्यांच्या पायाला लागून बिया दूरवर जाऊ शकतात, हे त्याला दाखवायचे होते.

फुटाळा तलावाचा किंवा गावतलावाचा चिखल घ्या. आधी त्यातले लव्हाळ्याचे कंद वेचून काढा, नाहीतर कंदाचे कोंब बियांच्या रोपांत मोजले जातील. उथळ ट्रेमध्ये पसरून वर बारीक मलमल बांधा. शेजारी कढईत खरपूस भाजलेल्या मातीचा दुसरा ट्रे ठेवा; त्यात काही उगवले तर बी बाहेरून शिरते आहे असे समजा. नागपूरच्या उन्हात काचेखाली रोपे करपतात, म्हणून उत्तरेकडच्या ओसरीत ठेवा. माती ओली ठेवा, पण पाणी साचू देऊ नका. रोप ओळखण्याजोगे झाले की मुळासकट उपटून तारखेसह नोंदवा. तसेच वाढू दिले तर मोठ्यांच्या सावलीत लहान रोपे मरतात आणि आकडा कमी येतो.